हवा कोरडी आणि जमीन ओली : इंदिरानगरच्या एका बॉल पायथनची केस

मार्चच्या शेवटच्या रविवारी मावसभावाचा फोन आला, आवाज रडवेला. म्हणाला, दादा सोनीची कात परत तुकड्या-तुकड्यांत निघालीय, यावेळी डोळ्यावरची पण राहिलीय, आणि शेपटीच्या टोकाला रिंगसारखं काहीतरी अडकलंय, मी ओढू का? सोनी म्हणजे त्यानं पाळलेला साप. मी म्हटलं हात लावू नकोस, येतो मी. नाशिकच्या गंगापूर रोडवरून इंदिरानगरला पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच, ह्युमिडिटी कमी पडतेय, दुसरं काय असणार. तिथं जाऊन बघितलं तर प्रकरण अर्धं ते आणि अर्धं त्याच्या अगदी उलट निघालं, म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी सोनीबद्दल. मादी बॉल पायथन, तीन वर्षांची, लांबी साधारण १०५ सेंटीमीटर, त्या दिवशीचं वजन ११२० ग्रॅम. नोव्हेंबरमध्ये ११८० होतं, म्हणजे वाढायच्या वयात उलट उतरलं. हा साप आपल्याकडचा नाही, घाना, टोगो, बेनिन ह्या पश्चिम आफ्रिकेतल्या पट्ट्यातला, गवताळ रानातला, दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात बसणारा. हे बिळाचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो कारण प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच. नाग, धामण, मांडूळ, आपला अजगर, हे देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, त्यात "मी जीव लावून सांभाळतो" हे कारण चालत नाही आणि चालू पण नये. बॉल पायथन परदेशी आहे पण साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद करावी लागते, २०२४ मध्ये त्याचे नियम आले आणि सरकारच्या परिवेश पोर्टलवर ती नोंद होते. सोनीची नोंद आहे. नसती तर मी आधी तेच करायला लावलं असतं.

तर टँक. काचेची, ३६ बाय १८ बाय १८ इंच, वरती पूर्ण जाळीचं झाकण, जाळीवर एका बाजूला १०० वॅटचा बल्ब दिवसभर चालू, तापमान आपोआप ठरल्या जागी ठेवणारा थर्मोस्टॅट नाही. खाली कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, जेमतेम दोन सेंटीमीटर थर. थंड बाजूला पाण्याचं छोटं भांडं. काचेला आतून चिकटवलेला आर्द्रतेचा गोल काट्याचा मीटर, तो नेमका पाण्याच्या भांड्याच्या वर. खोलीत सिलिंग फॅन. नोव्हेंबरपर्यंत सोनी एका प्लास्टिकच्या मोठ्या टबमध्ये होती आणि तिथं तिची कात कायम सलग निघायची. दिवाळीनंतर हौसेनं काचेची टँक घेतली, छान दिसते, हॉलमध्ये ठेवता येते. डिसेंबरची कात चार-पाच तुकड्यांत निघाली, फेब्रुवारीची पंधरा-वीस, आणि मार्चमध्ये हे. तीन काती लागोपाठ बिघडत गेल्यात आणि मधे बदललंय फक्त घर, एवढं एक जरी कागदावर लिहिलं असतं तरी तिथंच लक्षात आलं असतं, पण रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही, मला पण माझ्या सापांच्या बाबतीत असं झालेलं आहे.

भाऊ म्हणाला, "दादा अरे मीटर तर साठ दाखवतोय ना, साठच पाहिजे ना ह्यांना?" बरोबर, बॉल पायथनला साधारण ५५ ते ६५ टक्के आणि कात टाकायच्या दिवसांत ७० पर्यंत असलेलं बरं. काटा साठावर होता. भावानं तरी रिस्क नको म्हणून दिवसातून चार-पाच वेळा स्प्रे मारायला सुरुवात केली होती, ऑफिसमधून जेवायला घरी आला की स्प्रे, रात्री झोपताना स्प्रे, तो नसला की मावशी मारायची. मी कोकोपीटला हात लावला तर वरून चक्क चिखल. सोनीला उचलून पोट बघितलं तर पोटाचे खवले लालसर आणि दोन ठिकाणी तपकिरी डाग, कडा किंचित उचललेल्या. म्हणजे स्केल रॉटची, खवले कुजण्याच्या आजाराची, सुरुवात.

आता गंमत नाही, गोंधळ बघा. वरून कात कोरडेपणामुळे अडकलीय आणि खालून पोट ओलीमुळे कुजायला लागलंय, एकाच सापाचं, एकाच आठवड्यात. कात अडकली ह्यावर सगळे एकच उत्तर देतात की पाणी वाढव, आणि पोट खराब झालं ह्यावर सगळे सांगतात की पाणी कमी कर. भावानं दोन्ही प्रश्न दोन जणांना वेगवेगळे विचारले असते तर दोघांनी त्याला उलट दिशेला पाठवलं असतं आणि दोघं पण आपापल्या जागी बरोबर असते.

मी पहिल्यांदा मीटर काढला. तो घेऊन किचनमध्ये गेलो, साठ. बाहेर बाल्कनीत उन्हात, दुपारचे दोन वाजलेले, मार्च अखेर, ओठ फुटतील अशी हवा, तरी साठ. मग मिठाची टेस्ट केली, ही कोणालाही घरी करता येते आणि मला वाटतं मीटर विकत घेतल्या दिवशीच केली पाहिजे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, थोडंसं पाणी टाकायचं, विरघळवायचं नाही, ओल्या वाळूसारखं ठेवायचं, ते झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत बंद करून चोवीस तास एका जागी ठेवून द्यायचं. साध्या मिठाचा असा ओला लगदा बंद जागेत हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून ठेवतो, नेहमीच्या घरातल्या तापमानाला ती जवळपास हलत नाही. दुसऱ्या दिवशी भावाच्या काट्यानं पिशवीत ६२ दाखवलं. माझ्याकडचा डिजिटल प्रोबवाला सोबत ठेवला होता त्यानं ७१, म्हणजे माझ्यात चार मिळवायचे, हे मी त्याच्यावर पेननं लिहूनच ठेवलंय. काट्याचा मीटर तीन महिने एकाच जागेवर बसून होता आणि सगळ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

डिजिटल मीटर टँकमध्ये लावला, एक प्रोब गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही जमिनीलगत, जिथं साप असतो तिथं. दुपारी तीनचं रीडिंग गरम बाजूला २७ टक्के, थंड बाजूला ३३. चार मिळवून धरलेत हे आकडे. स्प्रे मारल्यावर पाच मिनिटांत ७५ च्या वर गेलं आणि मी घड्याळ लावून बसलो, चाळीस मिनिटांत परत ३५ च्या खाली. म्हणजे दिवसातून पाच स्प्रे म्हणजे फार तर तीन-साडेतीन तास बरी हवा आणि बाकी वीस तास वाळवंट, आणि त्या पाच स्प्रेचं पाणी मात्र सगळं जमिनीत.

असं का होतं ते थोडं सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. हवेत किती वाफ मावते ते तापमानावर ठरतं. २० अंशाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, ३२ अंशाला साधारण ३४ ग्रॅम, म्हणजे दुप्पट. नाशिकची थंडीतली सकाळ घ्या, खोलीत २० अंश आणि ६० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात वाफ दहा ग्रॅम. तीच हवा टँकमध्ये शिरली आणि बल्बनं ३२ ला तापवली, वाफ तेवढीच दहा, पण मावायची जागा दुप्पट, की टक्केवारी आली ३० वर. कोणी पाणी चोरलं नाही, कुठे गळलं नाही, फक्त हवा गरम झाली. त्यात वर पूर्ण जाळी, गरम हवा वर जाणारच, जाताना टँकमधली वाफ घेऊन जाते आणि तिच्या जागी खोलीची कोरडी हवा आत येते, बल्ब म्हणजे जवळजवळ धुराडं झालं. वर फॅन. आणि आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, समुद्राची हवा इथं नाही, मुंबईच्या माणसाचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही. तिकडे बारा महिने हवेत ओल, त्यांना जाळीचं झाकण चालून जातं. आपल्याकडे डिसेंबरपासून मे पर्यंत सहा महिने कोरडे.

दोन एप्रिलला डॉक्टरांकडे गेलो. साप बघणारे डॉक्टर शहरात कमीच, आधी फोन करून विचारून जावं लागलं. त्यांनी आधी कात सोडवली, कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं सुती फडकं एका डब्यात टाकून सोनीला त्यातून अर्धा तास फिरू दिलं, बऱ्यापैकी सगळं तिनं स्वतःच घासून काढलं. शेपटीची रिंग त्यांनी हातानं हळूच सोडवली, ती महत्त्वाची, कारण तिथं कात आवळून बसली की रक्त पुढे जात नाही आणि टोक काळं पडून गळतं. डाव्या डोळ्यावरची मात्र सुटेना. भाऊ म्हणाला चिमट्यानं काढता येईल का, डॉक्टर एकदम कडक आवाजात नाही म्हणाले. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तो प्रत्येक कातीबरोबर बदलतो, वरचा जुना ओढायला जाऊन खालचा निघाला तर डोळा जातो. हवा नीट करा, पुढच्या कातीत दोन्ही एकदम निघतील, असं म्हणाले. मावशीनं घरी खोबरेल तेलाचा विषय काढला होता, तो पण विचारला, त्यांनी तेल नको म्हणून सांगितलं.

पोटासाठी पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडिन, कोऱ्या चहाच्या फिकट रंगाइतकं, आणि दहा दिवस कोरड्या कागदावर ठेवायचं. तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, नाकातोंडातून फेस दिसला, शिट्टीसारखा आवाज आला तर थांबायचं नाही, लगेच आणायचं. तसं काही झालं नाही, नशीब.

आता भावाला प्रश्न पडला आणि मला वाटतं हाच ह्या केसमधला खरा प्रश्न. तो म्हणाला कोरड्या कागदावर ठेवायचं म्हणजे हवा अजून कोरडी होणार, मग डोळ्याचं काय? मी त्याला त्याचा जुनाच प्लास्टिकचा टब काढायला लावला. खाली कागद, गरम बाजूला पाण्याचं मोठं भांडं, बाजूंना थोडी भोकं, झाकण बंद, टब खोलीच्या सावलीतल्या कोपऱ्यात. स्प्रे एक पण नाही. रात्री रीडिंग ६२. सकाळी ६०. दुपारी ५७. कागद हाताला खडखडीत कोरडा. भाऊ बराच वेळ त्या मीटरकडे बघत बसला. तीन महिने स्प्रे मारून जे जमलं नाही ते नुसत्या बंद झाकणानं आणि एका भांड्यानं झालं, कारण वाफ तयार करणं हा प्रश्न कधीच नव्हता, ती आत टिकत नव्हती.

त्या शनिवारी काका गावाकडून आले, मावशीचे यजमान, निफाड तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे, आठवड्यातले चार दिवस तिकडेच. काकांना सापाचं फारसं प्रेम नाही पण पोरगा एवढा काळजीत आहे म्हणून ते टँकपाशी येऊन बसले, मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टँकमधलं ते ओलं कोकोपीट मुठीत घेतलं, दाबलं, बोटांतून पाणी टपकलं. म्हणाले, "अरे ह्याच्यात वाफसा कुठाय? हा तर गाळ केलाय तुम्ही." मग म्हणाले, "पानावर पाणी बसून राहिलं की डाऊनी रोग आलाच समज, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की आम्ही त्यालाच घाबरतो. पाणी द्यायचं ते मुळाशी, वरून नाही. मुळाला पण पाणी नको असतं, वाफसा पाहिजे असतो."

मला सहा वर्षं झाली बॉल पायथन ठेवून, भरपूर वाचलंय, व्हिडिओ बघितलेत, पण एवढ्या नेमक्या शब्दात मला कोणी सांगितलं नव्हतं. वाफसा म्हणजे जमिनीत पाणी साचलेलं नाही, पण कोरडी पण नाही, कणांच्या मधल्या जागेत ओल पण आहे आणि हवा पण. आफ्रिकेतलं ते उंदराचं बीळ दुसरं काय असतं? वरती रान करपलेलं, आत मातीतली ओल धरून बसलेली दमट हवा, आणि पोटाखाली चिखल नाही. साप बिळात बसतो तेव्हा तो वाफशात बसलेला असतो. आपल्याला काचेच्या पेटीत तेच करायचं असतं, स्प्रेच्या बाटलीनं ते कसं होणार.

पंधरा एप्रिलला टँक नव्यानं लावली. कोकोपीटची पाच किलोची वीट नर्सरीतून आणली, फुगवली की सत्तर लिटरच्या आसपास होते, आपल्या टँकला आठ सेंटीमीटरच्या थरासाठी ३३ लिटर लागलं, अर्धी वीट शिल्लक. काकांनीच सांगितलं की धुतलेलं, लो ईसीवालं म्हणजे क्षार कमी असलेलं मागा, खत मिसळलेलं नको, ते रोपांसाठी असतं. त्यात थोडे नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळले म्हणजे मधे हवा राहते. मग काकांची मुठीची परीक्षा, मूठ दाबली की गोळा झाला पाहिजे, पाणी टपकायला नको, आणि गोळ्याला बोट लावलं की फुटला पाहिजे. वरून एक बोटभर कोरडा थर पसरला. इथून पुढे पाणी द्यायचं ते दोन कोपऱ्यांत, काचेच्या कडेनं हळूहळू ओतायचं म्हणजे ते तळाशी जाऊन पसरतं आणि वरचा थर कोरडाच राहतो, आठवड्याला साधारण पाऊण लिटर. बल्ब काढला, थर्मोस्टॅटवर सिरॅमिक हीटर लावला, गरम कोपरा ३१ वर, एप्रिलमध्ये तो दिवसा जवळजवळ चालूच झाला नाही. पाण्याचं भांडं मोठं केलं, ज्यात सोनी वेटोळं करून बसू शकेल एवढं, आणि मधोमध सरकवलं. फॅनचा झोत टँकवर येणार नाही अशी जागा बदलली. एक झाकणाचा डबा, बाजूला भोक, आत ऑर्किडसाठी मिळतं ते स्फॅग्नम मॉस, एक प्रकारचं शेवाळ, भिजवून घट्ट पिळून, म्हणजे कात टाकायच्या दिवसांत तिला वाटलं तर तिथं जाऊन बसेल नाहीतर नाही बसणार, ते तिनं ठरवायचं. मॉसचा डबा मात्र मी पोट जरा सुधारेपर्यंत आणखी आठवडाभर ठेवू दिला नाही.

आणि जाळी. जाळीवर अॅल्युमिनियम फॉइलचे दोन पदर लावून ती झाकली, हीटरच्या आजूबाजूला प्लास्टिक लावायचं नाही, वितळतं. इथं माझी चूक झाली आणि ती मला लिहायलाच हवी, कारण तेव्हा भाऊ माझ्या भरवशावर होता. कोरडेपणाच्या धास्तीनं मी हीटरची जागा सोडून बाकी सगळी जाळी बंद केली, एक बोट पण फट ठेवली नाही. पहिल्या दिवशी ८४, दुसऱ्या दिवशी ८८, सकाळी काचेवर आतून पाणी ओघळत होतं. फोनवर भाऊ खूश, बघ दादा अठ्ठ्याऐंशी. मी म्हटलं राहू दे एक-दोन दिवस, स्थिर होईल. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन, टँकमधून बंद माठासारखा वास येतोय. गेलो तर लाकडाच्या ओंडक्यावर पांढरी बुरशी. सोनी नुकतीच कुठे कोरड्या कागदावरून तिथं आलेली आणि मी तिला परत त्याच आजाराच्या तोंडाशी नेऊन ठेवलं होतं. ओंडका काढून उकळला आणि दोन दिवस उन्हात वाळवला, बुरशीच्या खालचं कोकोपीट काढून टाकलं, आणि मागच्या कडेला तीन बोटं रुंद फट पूर्ण लांबीची उघडी ठेवली. रीडिंग दोन दिवसांत ६८ वर आलं, आणि वीस एप्रिलपासून ६० ते ६८ च्या मधे राहिलं. वासावर मी आता मीटरइतकाच विश्वास ठेवतो. पावसाआधीच्या मातीसारखा वास आला तर ठीक, कोंदट वास आला तर आकडा काही का असेना, फट वाढवायची.

मावशीचं वेगळं लिहायला पाहिजे. सुरुवातीला ती त्या खोलीत दार लोटून पण जायची नाही. पण दिवसा घरी तीच असते, म्हणून मी तिला म्हटलं मावशी तू फक्त सकाळ-दुपार-रात्र दोन आकडे लिहून ठेव, हात लावू नकोस. तिनं किचनमधल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाच्या खाली पेन्सिलनं लिहायला सुरुवात केली, ६४/६७, ६०/६५. तिच्याच आकड्यांवरून कळलं की मे मध्ये दुपारी साडेतीनच्या सुमाराला रोज दहा टक्के पडतायत आणि तापमान थंड बाजूला पण ३४ होतंय. आर्द्रतेच्या नादात तापमान माझ्या डोक्यातून निसटलं होतं, थंड कोपरा २७-२८ पाहिजे, ३४ ला साप हळूहळू संकटात जातो. मग त्या खोलीत दुपारी कूलर लावला, पाण्याचा साधा डेझर्ट कूलर, खिडकी अर्धी उघडी ठेवून. खोली २८-२९ वर आली आणि खोलीचीच हवा ५० टक्क्यांच्या पुढे गेली, एका दगडात दोन पक्षी. हे मुंबईत चालणार नाही पण नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर हे फार चांगलं साधन आहे, एसी मात्र हवा अजून कोरडी करतो.

अकरा मे ला सोनीचे डोळे निळसर दुधाळ झाले, म्हणजे कात जवळ आली. आधीच्या वेळी भाऊ ह्या दिवसांत हमखास स्प्रे वाढवायचा, यावेळी फक्त फट तीन बोटांवरून दोनवर आणली आणि मॉस परत भिजवून पिळलं. चार-पाच दिवसांनी डोळे परत स्वच्छ झाले, हा टप्पा लोकांना फसवतो, वाटतं कात राहून गेली, पण कात त्याच्यानंतर निघते. वीस मे च्या पहाटे निघाली. दोन तुकडे. डोक्याकडचा भाग वेगळा आणि उरलेली सलग. भाऊ थोडा हिरमुसला, त्याला सलग हवी होती. मी डोक्याचा तुकडा पाण्यात भिजवून खिडकीच्या उजेडात धरला, डाव्या डोळ्याच्या जागी टोपी, म्हणजे डोळ्यावरच्या खवल्याची कात, जाड होती, दोन थरांची. जुनी-नवी दोन्ही निघाल्या होत्या. सोनीचा डावा डोळा जवळजवळ दोन महिन्यांनी पहिल्यांदा उजव्यासारखा चमकत होता. मी तिथं खाली बसून भावाच्या पाठीवर हात ठेवला, दोघांना पण बोलायला काही सुचलं नाही.

पोटावरचे दोन डाग फिके झाले होते पण गेले नव्हते. त्या कातीनंतर चार दिवसांनी तिनं उंदीर खाल्ला, फ्रीजरमधला, वितळवून गरम केलेला, मार्चपासून तिनं दोनदाच खाल्लं होतं.

जून लागला आणि सगळं उलटं फिरलं. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर बाहेरचीच हवा ८५-९० टक्के, कालनिर्णयवर ७५, ७८, ८० असे आकडे यायला लागले. भाऊ मे मध्ये जे शिकला तेच करत होता, दर रविवारी पाऊण लिटर. बंद करायला लावलं. जून-जुलै मिळून एकदाच पाव लिटर पाणी कोपऱ्यात दिलंय. फट तीन बोटांची वीतभर केली, मॉसचा डबा काढून टाकला, भांडं छोटं ठेवलं. हीटर मात्र चालू राहू दिला, कारण पावसाळ्यात दमट आणि थंड हे मिश्रण फुफ्फुसाला सगळ्यात वाईट, दमट आणि उबदार साप सहन करतो. ६५ ते ७० वर आलं. आपल्या गावाला एकच सेटिंग वर्षभर चालत नाही, थंडीला एक, उन्हाळ्याला एक, पावसाळ्याला तिसरं, आणि बदलायची वेळ मावशीच्या पेन्सिलीवरून कळते, तारखेवरून नाही.

अठ्ठावीस जूनची कात एका तुकड्यात निघाली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, मोज्यासारखी उलटी झालेली, दोन्ही डोळ्यांच्या टोप्या जागेवर. मोजली तर १२७ सेंटीमीटर भरली, कात निघताना ताणली जाते त्यामुळे सापापेक्षा लांब असते. पोट स्वच्छ, एका खवल्यावर बारीक खूण राहिलीय फक्त. वजन १२४० ग्रॅम. मावशीनं ती कात वहीच्या दोन पानांत ठेवली आणि काका आले तेव्हा दाखवली, काका म्हणाले, "आता वाफसा आला म्हणायचा."

सध्या फट वीतभरच आहे, पाणी बंद आहे. भावाला सांगून ठेवलंय, ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की दोन दिवसांनी मूठ दाबून बघायची, गोळा झाला नाही तर कोपऱ्यात पाणी सुरू. डिसेंबरमध्ये रात्री पारा दहाच्या खाली गेला की हीटर रात्रभर चालेल आणि मार्चमध्ये जे झालं त्याची सुरुवात तिथूनच होते, म्हणून तेव्हा फट परत तीन बोटांवर आणायची आणि मॉसचा डबा आत ठेवायचा. उरलेली अर्धी वीट बाल्कनीत पिशवीत कोरडी ठेवलीय, आणि तो काट्याचा मीटर काढून टाकला.